माहीमचं सेंट मायकल चर्च: बुधवारी जावं की इतर दिवशी?

1534 ची स्थापना हे वाचून पोर्तुगीज काळातल्या दगडी भिंती बघायला जाल, तर निराश व्हाल. आजची इमारत 1973 ची आहे, काँक्रीटची, उंच आणि प्रशस्त. इथलं जुनेपण भिंतीत नाही, वापरात आहे. 1739 मध्ये मराठे वसईवर चालून आले तेव्हा वांद्र्याच्या माउंट मेरीची मूर्ती इथे सुरक्षित ठेवली होती. ती 1761 मध्ये वांद्र्याला परत गेली. 1853 मध्ये चर्चवर पोर्तुगालचा धर्माधिकार मानणारे आणि थेट रोमचा मानणारे यांच्या वादात रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन या चर्चमध्येच स्वतःला कोंडून बसले होते. हा इतिहास आवारात ठळकपणे मांडलेला हवा होता.

बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, 8 सप्टेंबर 1948 पासून चालू आहे आणि माहीम चर्च म्हटलं की लोकांना आठवतो तो हाच. सलग नऊ बुधवार यायचं, मागणं मागायचं. दिवसभरात वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात, मराठीतही. वेळा बदलतात, म्हणून आधी खात्री करूनच निघा. हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे येतात आणि कुणी कुणाला धर्म विचारत नाही. प्रार्थनेला जोडून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असेल तर एक लक्षात ठेवा: कम्युनियन, म्हणजे त्यात दिली जाणारी पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांसाठी असतं, इतरांनी त्या रांगेत उभं राहू नये, जागेवर बसून राहिलं तरी चालतं.

बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळतात. गुडघा दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर, असा नवस. चेहरा घासलेलं किंवा बोट तुटलेलं घेऊ नका, निवडून घ्या. उन्हात पिशवीत तासभर राहिलं तर पातळ भाग वाकतात, म्हणून घेतल्याघेतल्या आत नेऊन अर्पण करा.

बुधवारी गाडी मुळीच नेऊ नका. लेडी जमशेटजी रस्त्यावर वाहतूक तुंबते, पार्किंग मिळत नाही. माहीम स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत या. आजारी, वृद्ध माणसाला आणायचं तर गर्दीची संध्याकाळ टाळून सकाळचीच वेळ धरा. आणि नुसतं शांत बसायचं असेल, तर बुधवार आणि रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल.