वादविवाद शिकणाऱ्यांसाठी मेरियम-वेबस्टरची वेबसाइट

साताऱ्यात अकरावी-बारावीच्या मुलांकडून मी इंग्रजी वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेते. समोरचा वादात कसा त्रास देतो याची नावं या मुलांना रीलमधून तोंडपाठ झालेली असतात: गॅसलाइटिंग (समोरच्याला स्वतःच्याच डोक्याबद्दल शंका यायला लावणं), स्ट्रॉ मॅन (समोरच्याचा मुद्दा मोडून-तोडून मांडून मग तो खोडणं), व्हॉटअबाउटिझम ('मग त्यांचं काय?' असं उलट विचारणं). समोरच्याने नुसतं 'मला पटत नाही' म्हटलं, तरी 'यू आर गॅसलाइटिंग मी' असं ठोकून देतात. मुद्द्याला उत्तर द्यायचं राहूनच जातं. म्हणून वर्गात मी मेरियम-वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी शब्दकोशाची मोफत वेबसाइट उघडते, आणि इतर शिक्षकांनाही ती मनापासून सुचवते.

अर्थ वाचून थांबायचं नाही, पान खाली सरकवायचं. शब्द पहिल्यांदा कधी वापरलेला आढळतो ते तिथे असतं, पुष्कळदा त्यामागची हकिकतही असते. गॅसलाइटिंग हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकाच्या नावावरून आला. नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. माळ्यावरच्या त्याच्या उद्योगांमुळे घरातले गॅसचे दिवे मंद होतात, आणि ते मंद झालेच नाहीत असं तो तिला बजावत राहतो. एवढं वाचलं की मतभेद आणि छळ यांतला फरक मुलांना वेगळा समजावावा लागत नाही. कोशाने प्रामाणिकपणे दुसरा, सैल अर्थही नोंदवला आहे: स्वतःच्या फायद्यासाठी कुणाची धडधडीत दिशाभूल करणं. २०२२ मध्ये याच शब्दाला त्यांनी वर्षाचा शब्द ठरवलं. त्या वर्षी तो शोधणाऱ्यांचं प्रमाण १७४० टक्क्यांनी वाढलं होतं.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो व्हॉटअबाउटिझमच्या नोंदीचा. विषय होता प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी. एका मुलाने विचारलं, "कारखान्यांच्या वेष्टनांचं काय?" समोरचा सगळा बाक ओरडला, "व्हॉटअबाउटिझम!" नोंद उघडली. आपल्यावरच्या आरोपाला उत्तर म्हणून दुसऱ्याचा तसाच किंवा त्याहून मोठा गुन्हा पुढे करणं, हा तिथला अर्थ. या मुलावर आरोप कुणी केलाच नव्हता. बंदीने कचरा खरंच किती कमी होईल, हे तो विचारत होता आणि ते विचारणं अगदी रास्त होतं. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये एका बाजूच्या हिंसेबद्दल बोललं की 'मग त्यांनी केलं त्याचं काय?' असं उत्तर यायचं, हेही मी सांगितलं. त्यानंतर त्या बाकावरच्या मुलीने शब्द मागे घेतला आणि आकडे मागितले. वादविवाद म्हणतात तो हा.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. 'रेड हेरिंग' म्हणजे मूळ मुद्द्यावरून लक्ष भलतीकडे वळवणारी गोष्ट. तिच्या नोंदीत शिकारी कुत्र्यांना चकवण्यासाठी वाटेवरून खारवलेला मासा ओढण्याची प्रथा दिली आहे. हा लाक्षणिक अर्थ रुजला तो विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये सांगितलेल्या गोष्टीतून, आणि तशी प्रथा खरोखर होती याला भक्कम आधार नाही. मी ही नोंद दाखवते, पण हे सांगूनच.

अर्थ इंग्रजीतच आहेत आणि भाषा थोडी जड आहे. मराठी माध्यमातून नुकत्याच आलेल्या मुलाला आधी केंब्रिजचा विद्यार्थी-कोश द्यावा. तिथली वाक्यं सोपी असतात. मेरियम-वेबस्टरवरचे उच्चार अमेरिकन आहेत, परीक्षक ब्रिटिश वळणाचे असतील तर ते तपासून घ्या. मोफत पानांवर जाहिराती असतात, त्यामुळे प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर पान आधीच उघडून हवा तो भाग समोर आणून ठेवा. वर्गणीचा मोठा कोशही आहे, पण शाळा-कॉलेजच्या तयारीला त्याची गरज नाही.

'मूव्ह द गोलपोस्ट्स' (मध्येच अटी बदलणं) आणि 'निटपिक' (क्षुल्लक चुका काढत बसणं) या नोंदींपासून सुरुवात करा. हे दोन्ही प्रकार मुलांनी घरात रोज पाहिलेले असतात.