थारचे सस्पेन्शन बदलले: महापेच्या गॅरेजमधील दोन दिवस आणि त्यानंतरचे नऊ हजार किलोमीटर

ठाण्याच्या कासारवडवलीहून निघून कळवा-विटावामार्गे नवी मुंबईतील महापेला जाणारी माझी रोजची वाट जाऊन-येऊन सुमारे ४५ किलोमीटरची आहे. मेट्रोच्या खांबांखालचे उखडलेले डांबर, चौकाचौकांत खाली-वर झालेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचणारे पाणी, हे सगळे या वाटेवर भेटते. २०२१ ची महिंद्राची डिझेल थार मी याच वाटेवर चार वर्षे चालवली. मूळ सस्पेन्शनविषयी, म्हणजे चाकांचे दणके पचवणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बरविषयी, फार मोठी तक्रार करावी असे काही नव्हते, कारण २४५० मिलिमीटरच्या आखूड व्हीलबेसवरची (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर) उंच गाडी थोडीफार हिंदकळणारच. मात्र ६२ हजार किलोमीटरनंतर मागच्या एका शॉकॲब्सॉर्बरमधून तेल झिरपू लागले, आणि एवीतेवी बदलायचेच आहे तर चारही शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगांसह बदलून टाकावेत, असे मी ठरवले.

हे काम मी महापे एमआयडीसीतील एका गॅरेजमध्ये करून घेतले. गॅरेजचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या कामातली एक चूकही सांगायची आहे, आणि ती त्यांनी एक पैसाही न घेता निस्तरली. तेथे गेलो तेव्हा गाडी दोन इंच उचलून घ्यायची, एवढेच माझ्या मनात होते. मुख्य मिस्त्रींनी किंमत सांगण्यापूर्वी विचारले, “साहेब, गाडीत रोज माणसं किती बसतात?” मी एकटाच, असे सांगितल्यावर त्यांनी टाकी भरून आणि मला आत बसवूनच गाडी तुर्भ्याच्या वजनकाट्यावर नेली आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) भार वेगवेगळा मोजून घेतला. याआधी दोन ठिकाणी चौकशी केली होती. तेथे थेट किटचे, म्हणजे स्प्रिंगा-शॉकॲब्सॉर्बरच्या तयार संचाचे, फोटो दाखवले गेले होते.

भार मोजण्याला एवढे महत्त्व का, हे मला नंतर उमगले. एकाच गाडीसाठी कमी, मध्यम आणि कायम जास्त भारासाठी वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा मिळतात. छतावर रॅक, मागे सामान आणि पुढे लोखंडी बंपर असलेल्या गाडीला जी स्प्रिंग नेमकी बसते, तीच रिकाम्या गाडीत दबतच नाही, आणि मग प्रत्येक पेव्हर ब्लॉक थेट पाठीच्या कण्यात मोजावा लागतो. मला मागे कमी भाराची आणि पुढे, डिझेल इंजिनाच्या वजनामुळे, मध्यम भाराची स्प्रिंग सुचवण्यात आली.

उंचीबाबतही त्यांनी मला दोन इंचांवरून सुमारे ३० मिलिमीटरवर आणले, आणि त्यांची कारणे मला पटली. थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन, म्हणजे चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजांची रचना, आहे. गाडी जितकी उचलाल, तितका चाकाला खाली जाण्यासाठी उरलेला प्रवास कमी होतो, त्यामुळे गतिरोधकावरून उतरताना सस्पेन्शन आपल्या शेवटच्या टोकाला जाऊन ‘टक्’ असा आवाज करते; शिवाय चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, कोन वाढून त्याची झीज लवकर होते. मागचा ॲक्सल सलग आहे, म्हणजे स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी त्याच्या मधोमध असलेली गिअरची पेटी, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून होते तेवढ्याच अंतरावर राहते. डिफरन्शियल उचलायचे तर मोठे टायर लागतात. दगडांच्या वाटेवर नेमके तेच आधी आपटते, हे मुरबाडच्या बाजूला दोनदा अनुभवूनही माझ्या लक्षात आले नव्हते, याची थोडी लाज वाटली. कायद्याचाही प्रश्न आहे: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. म्हणून टायर मी मूळच्याच २५५/६५ आर १८ मापाचे ठेवले आणि केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला.

शॉकॲब्सॉर्बर दुहेरी नळीचे, कमी दाबाच्या नायट्रोजनचे घेतले. स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा झडपांतून तेल ढकलून उष्णतेत बदलणे हे त्यांचे काम. सलग खडबडीत वाटेवर तेल तापून फेसाळले की शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंगवरची पकड सुटते, आणि वायूचा दाब ते फेसाळणे लांबवतो. किट, मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) मिळून १ लाख ३८ हजार रुपये झाले. निव्वळ झिरपणारा शॉकॲब्सॉर्बर बदलण्याच्या मानाने हा खर्च बराच आहे, आणि घरी तो आकडा मी दोन हप्त्यांत सांगितला.

आता चूक. तिसऱ्या दिवसापासून मागून जुन्या पलंगासारखी करकर येऊ लागली. मागचा ॲक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे (लिंकचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातली रबरी अस्तरे, गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळत असतानाच आवळून टाकले होते. असे केले की गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आवाज येतो आणि बुश लवकर फाटतात. ते बोल्ट चाकांवर पूर्ण भार असतानाच आवळायला हवेत. एका नवशिक्या मुलाच्या हातून हे झाले होते. मिस्त्रींनी ते मान्य केले, सगळे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले आणि ५०० किलोमीटरनंतर अलाइनमेंटही विनामूल्य करून दिले. हेडलाइटचा झोत उंचावला होता, तो मात्र मलाच सांगून खाली करून घ्यावा लागला.

नऊ हजार किलोमीटरनंतर फरक सर्वाधिक जाणवतो तो लागोपाठच्या दणक्यांत. पूर्वी पहिल्या खड्ड्याची उसळी ओसरण्याआधी दुसरा खड्डा येत असे, आता गाडी एकदाच खाली-वर होऊन स्थिरावते. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणे कमी झाले आहे. मात्र ताशी २० किलोमीटरच्या आतल्या वेगात, विशेषतः सोसायटीच्या फाटकाजवळच्या अरुंद गतिरोधकावर, ती मूळच्यापेक्षा किंचित कडकच वाटते. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणल्यावर हा कडकपणा निम्म्याने कमी झाला. माझा नेहमीचा पंपवाला ती सवयीने जास्त भरत होता, आणि हे आधी तपासले असते तर मूळ सस्पेन्शनविषयीचे माझे मतही बरेच सौम्य राहिले असते. आईला चढायला त्रास होऊ लागला म्हणून पायरी लावावी लागली, तो खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही.

गॅरेजने २० हजार किलोमीटरला बुश आणि बोल्ट पुन्हा तपासायला बोलावले आहे. तेथे मला सकाळी दहाच्या आत पोहोचावे लागते. त्यानंतर त्या गल्लीत दोन्ही बाजूंना ट्रक लागतात आणि गाडी आत वळवायलाच अर्धा तास जातो.