विज्ञानाचं पुस्तक निवडायला रॉयल सोसायटीचा पुरस्कार किती उपयोगी?

लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा विज्ञानपुस्तकांचा पुरस्कार १९८८ पासून दिला जातो. प्रायोजक बदलला की नाव बदलतं: ऱ्होन-पूलेन्क, आव्हेंटिस, विंटन, इनसाइट इन्व्हेस्टमेंट आणि २०२३ पासून त्रिवेदी. जुने विजेते शोधताना ही सगळी नावं घालून पाहा, नाहीतर यादी अर्धवटच हाती लागते.

विजेत्याला २५,००० पौंड मिळतात, अंतिम यादीतल्या उरलेल्या पाच पुस्तकांना प्रत्येकी २,५००. वाचकाने मात्र सहाही पुस्तकं सारख्याच गांभीर्याने चाळावीत. परीक्षकांत शास्त्रज्ञांबरोबर लेखक-पत्रकारही असतात, त्यामुळे सगळ्यांना रुचेल असं ओघवतं पुस्तक पुढे जाण्याची शक्यता जास्त. एखाद्याच विषयात खोल शिरणारं पुस्तक हवं असेल तर ते बहुधा उरलेल्या पाचांत सापडेल.

मोठी उणीव तंत्रज्ञानाची. अलीकडच्या विजेत्यांचे विषय पाहा: २०२१ ला बुरशी, २०२२ ला जीवसृष्टीचा इतिहास, २०२३ ला प्राण्यांच्या संवेदना, २०२५ ला मेंदू. मधल्या २०२४ मध्ये केली आणि झॅक वायनरस्मिथ यांचं 'अ सिटी ऑन मार्स' जिंकलं, आणि ते आवर्जून वाचावं असं आहे. मंगळाच्या मातीतले परक्लोरेट नावाचे विषारी क्षार, कमी गुरुत्वाकर्षणात मूल होणं, अंतराळाचा कायदा, या अडचणी ते एकेक करून तपासतं. यंत्रं कशी घडली हे मात्र वाचायचं असेल तर अमेरिकेच्या पुलित्झर पुरस्काराकडे वळा. १९८२ मध्ये तिथे ट्रेसी किडर यांच्या 'द सोल ऑफ अ न्यू मशीन'चा गौरव झाला; डेटा जनरल कंपनीत एक संगणक तयार होतानाची ती हकिकत आहे. पण पुलित्झरमध्ये विज्ञानाचा वेगळा विभाग नाही. ललितेतर पुस्तकांची सगळी यादी चाळावी लागते.

पुरस्काराचं साल पाहिल्याशिवाय पुस्तक घेऊ नये. बिल ब्रायसन यांचं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ निअरली एव्हरीथिंग' २००४ चं विजेतं. भाषा आजही ताजी आहे, पण प्लूटोचं ग्रहपद २००६ मध्ये गेलं आणि हिग्ज बोसॉन हा मूलकण २०१२ मध्ये सापडला, म्हणजे दोन्ही गोष्टी मूळ आवृत्तीनंतरच्या. मेंदू, जनुकं, मानवी उत्क्रांती या विषयांत तर दहा वर्षंही फार होतात.

मुलांसाठी सोसायटीचा वेगळा पुरस्कार आहे, १४ वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठी. मोठी माणसं सहा पुस्तकं निवडतात आणि विजेता ब्रिटनभरच्या मुलांचे गट ठरवतात. मुलांसाठी पुस्तक घेताना ही यादी सर्वांत आधी पाहावी, कारण निकाल ज्यांनी वाचायचं त्यांचाच असतो.