चौल-रेवदंडा की वसई-सोपारा? गाइडशिवाय चालायला निघणाऱ्या पुणेकरांसाठी

नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण जुन्नरला गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. घाट उतरून माल पुढे जायचा कुठे, तर कोकणातल्या बंदरांत. त्यातल्या दोन ठिकाणी आजही नकाशा हातात घेऊन स्वतःच्या पायांनी हिंडता येतं : वसई-सोपारा आणि चौल-रेवदंडा. पहिलं ठिकाण पुण्याहून एका दिवसात होतं. दुसऱ्याला एक रात्र मुक्काम हवाच, तो टाळला तर निम्मं चौल राहून जातं.

आधी एक गैरसमज दूर करू. सातवाहनकालीन शहर दोन्हीकडे जमिनीवर उभं दिसत नाही. चौल म्हणजे प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीचं ‘सिमुल्ला’ आणि कान्हेरीच्या शिलालेखांतलं ‘चेमुल’, पण त्या काळातलं बरंचसं वाड्यांखाली गाडलेलं आहे. सोपाऱ्यात निदान एक गोष्ट समोर उभी आहे : बुरुड राजाच्या कोटातला स्तूप. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तो खणला, तेव्हा आत दगडी करंडक आणि बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच सापडला. या वस्तू आता मुंबईत आहेत. स्तूपापाशी विटांचा ढीग बघून हिरमोड होऊ द्यायचा नसेल, तर हे वाचून जा. मग त्याच विटांपुढे पाय निघत नाही.

वसईसाठी गाडी न्यायची गरज नाही, रेल्वेच बरी. पुण्याहून सकाळची गाडी धरून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर, आणि विरार लोकल. हमखास होणारी चूक म्हणजे घाईत बोरीवली लोकलमध्ये चढणं, ती पुढे जात नाही. गर्दीची धास्ती मात्र सोडा : सकाळचा लोंढा चर्चगेटकडे असतो, संध्याकाळचा विरारकडे. तुम्ही दोन्ही वेळा उलट्या दिशेने असता. वसई रोडला उतरून रिक्षाने किल्ला करा आणि परतताना एक स्टेशन पुढे नालासोपारा पश्चिमेला उतरून स्तूप पाहा. रिक्षावाल्याला नुसतं ‘सोपारा’ सांगून भागत नाही, ‘बौद्ध स्तूप’ म्हणा.

किल्ल्यात रिक्षा थेट किल्लाबंदराच्या जेटीपर्यंत न्या आणि दर्या दरवाजापासून चालायला सुरुवात करा. 1534 साली गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई मिळाल्यावर पोर्तुगीज वसले ते समुद्राच्या भरवशावर. 1739च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तट फोडला तो जमिनीच्या अंगाने, सुरुंग लावून. म्हणून दर्याकडून जमिनीकडे चाललात की इतिहास आपोआप क्रमाने येतो : सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, बालेकिल्ल्याच्या दारावरचं राजचिन्ह, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचं चर्च, मग मराठ्यांच्या काळातली देवळं आणि चिमाजी अप्पांचं स्मारक. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली बघून चाला. फरशी समजून आपण तुडवतो त्या कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, तिरप्या प्रकाशात अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सपाट होतात. तीन तास पुरतात. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि झाडोऱ्यात साप असतात, त्यामुळे मनोऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

या किल्ल्याचा उरलेला भाग आपल्याकडेच आहे. भीमाशंकरला, नसरापूरच्या बनेश्वराला आणि वाईजवळच्या मेणवलीला टांगलेल्या मोठ्या घंटा या मोहिमेतून आलेल्या मानल्या जातात. बनेश्वरच्या घंटेवरचा क्रूस आणि 1683 हा आकडा आधी पाहून मग वसईला जा, रिकामे मनोरे वेगळेच दिसतील.

चौलची गोष्ट निराळी. इथे एका तटाच्या आत सगळं मिळत नाही. रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी रस्त्यालगत, हिंगळजादेवी आणि दत्ताची टेकडी आतल्या अंगाला, हमामखाना वाड्यांत, पोर्तुगीज रेवदंडा खाडीच्या तोंडाशी. मधली अंतरं रिक्षाने तोडा, नाहीतर उन्हात डांबरी रस्ताच तुडवत बसाल. शिवाय नारळी-पोफळीच्या वाड्या खासगी आहेत. रेवदंड्याच्या सातखणी बुरुजाकडे जाताना कुणी दिसलं की विचारून आत शिरा. सहसा नाही म्हणत नाहीत, वर वाटही दाखवतात.

रेवदंड्याचा तट समुद्राच्या बाजूने पाहायचा तर ओहोटी साधावी लागते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. एका दिवसात उरकायचं असेल तर अष्टमी ते दशमी सोयीची, पण तेव्हा भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी असल्याने पाणी फार मागे हटत नाही. मुक्काम असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या गाठा. भरती सव्वाअकराच्या आसपास, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, आणि उधाणाचं पाणी लांबवर ओसरतं. मार्गशीर्ष पौर्णिमा तेवढी टाळा, दत्ताच्या जत्रेत रस्ताच मिळत नाही.

मुक्कामाचा पहिला दिवस चौलला द्या, संध्याकाळ तटाला. दुसऱ्या सकाळी पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला, दीपगृहाच्या बाजूने चढा. खालच्या गावात पोर्तुगीजातून घडलेली एक बोली अजून घराघरांत बोलतात. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, भाषा मात्र राहिली. परतताना रेवदंड्यात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं सिनेगॉग आणि 1469 साली चौलला उतरलेल्या रशियन प्रवासी निकितीनचं स्मारक पाहता येतं.

पुण्याहून खोपोली-पेण-अलिबागमार्गे रेवदंडा साधारण 160 किलोमीटर. रविवारी दुपारी तीननंतर निघालात तर वडखळ-पेण पट्ट्यात अडकायची तयारी ठेवा. जेवण उरकून लगेच निघा.

पहिल्यांदाच असं चालत असाल, बरोबर मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर वसई. सावली कमी असली तरी वाट सपाट आहे आणि थकलात तर रिक्षा जवळ असते. वसई झाली असेल आणि दोन दिवस हातात असतील, तर विचार न करता चौल. एकाच गावात शिलाहार, निजामशाही, पोर्तुगीज आणि आंग्रे असे चार थर बघायला मिळतात. पंचांग उघडून तिथी बघा, मग खोलीचं बुकिंग करा.