गणितासाठी घालू नका, लिहिण्यासाठी घाला : मुलींच्या कॉलेज-प्रेप (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खासगी) शाळेचा दीड वर्षाचा अनुभव

शाळेचं नाव लिहीत नाही. लेक अजून तिथेच शिकते आहे आणि पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप फार मोठा नाही. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, मेन लाइन नावाच्या पट्ट्यात आणि आसपासच्या उपनगरांत अशा शाळा बऱ्याच आहेत; त्यांतलीच एक समजा. कॅथलिक, नववी ते बारावी, फक्त मुलींची. आम्ही हिंदू, घरी गणपती बसतो, आणि आमच्या गावचं पब्लिक (म्हणजे सरकारी, बिनफीचं) हायस्कूल इतकं नावाजलेलं की त्याच्यापायीच इथे घर घेतलं होतं. तरी आठवीत मुलीनेच हट्ट धरला. आता नववी संपून दहावीचं निम्मं वर्ष झालंय. मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमाला कुणीतरी जेवणाच्या रांगेत गाठून विचारतंच, "पैसे वसूल होतायत का गं?" म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

या भागात अशा शाळांची मुळं जुनी आहेत. 1885 मध्ये इथे ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज निघालं, त्याची प्रवेशपरीक्षा कडक होती, आणि 1888 मध्ये फ्लॉरेन्स बाल्डविन यांनी त्याच गावात खास त्या परीक्षेच्या तयारीसाठी मुलींची शाळा काढली. (आमची ती नव्हे.) त्याच सुमाराची आपली गोष्ट म्हणजे आनंदीबाई जोशींची. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. तेव्हा मुलींची वेगळी शाळा कशाला, असं कुणी विचारलं नसतं. आज अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे, आणि नवऱ्याने तो पहिल्याच दिवशी विचारला.

त्याचं उत्तर शाळेच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. 2014 मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये 21 देशांतल्या 16 लाख विद्यार्थ्यांच्या माहितीचा एकत्र अभ्यास आला होता. चांगल्या घरची, आधीपासून हुशार मुलं वेगळ्या शाळांत जातात हा फरक हिशेबात धरला, तर मुला-मुलींच्या वेगळ्या शाळांचा फायदा जवळपास उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष. ओपन हाउसला, म्हणजे शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी, "आमच्या मुली अमुक टक्के जास्त आत्मविश्वासू" अशा पाट्या दिसल्या की हे आठवावं. तेव्हा मी पुढे जे चांगलं लिहिणार आहे ते 'फक्त मुली' असल्यामुळे की वर्गात मोजक्याच मुली असल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

आधी गणित, कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच.

इथे शाळा कमी पडते. मुलगी आठवीतच भूमिती करून आली होती. शाळेने उन्हाळ्यात प्लेसमेंट टेस्ट घेतली आणि पाया पक्का व्हावा म्हणून पुन्हा भूमितीतच बसवायचं ठरवलं. पुष्कळ ईमेल झाल्या, एकदा समोरासमोर बसणं झालं, मग कुठे अल्जिब्रा टू ऑनर्स (भूमितीच्या पुढचा वर्ग) मिळालं. शिकवणाऱ्या बाई उत्तम आहेत, प्रश्नच नाही. पण वर जायला जिनाच आखूड आहे. शेवटचा वर्ग एपी कॅल्क्युलस बीसी. (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे वर्ग, शेवटी त्यांची परीक्षा.) आमच्या पब्लिक हायस्कूलमध्ये त्याच्याही पुढचा मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा वर्ग आहे, कॉम्प्युटर सायन्सचे वर्ग दोन-तीन आहेत. इथे लहान शाळा असल्याने एकेका विषयाची एकच तुकडी, आणि ती दुसऱ्या हव्या असलेल्या विषयाच्या तासालाच येते. शनिवारी गणिताच्या बाहेरच्या क्लासला जाणाऱ्या देशी मुली आमच्या ओळखीतच आहेत. एवढी फी भरून वर क्लास! मुलीला इंजिनीअरिंग आणि ऑलिंपियाडचं वेड असेल तर मी सरळ सांगते, पब्लिकमध्येच ठेवा.

एपीचंही तसंच. नववीत एकही एपी नाही, दहावीत जेमतेम एक, तीही शिक्षकांच्या शिफारशीने. तिकडे तिच्या जुन्या मैत्रिणी नववीतच एपी ह्यूमन जिऑग्रफीच्या परीक्षेला बसल्या. आमच्याकडे यावरून महिनाभर धुसफुस चालली. मग कॉलेज काउन्सेलरने समजावलं की अर्जासोबत शाळेची माहिती जाते, शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं मुलीने काय घेतलं हे कॉलेजवाले त्या माहितीशी ताडून पाहतात. पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

आता ज्यासाठी शाळा सोडाविशी वाटत नाही ते सांगते : इंग्रजी आणि इतिहास.

मिडल स्कूलमधून ती पाच परिच्छेदांचा ठराविक निबंध घोटून आली होती. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. नववीच्या इंग्रजीच्या बाईंनी तो पहिल्या महिन्यातच मोडीत काढला. त्यांची पद्धत अशी : पहिल्या मसुद्याला ग्रेड नाही, फक्त समासात पेन्सिलीने प्रश्न. "हे तुला कशावरून वाटतं?" "हे वाक्य काढलं तर काय बिघडेल?" मग मोकळ्या तासाला बाईंसमोर बसून दहा मिनिटं बोलायचं, मग दुसरा मसुदा, आणि ग्रेड त्यानंतरच्या लेखनाला. चॅटजीपीटी आल्यापासून पहिला मसुदा वर्गातच, निळ्या कव्हरच्या परीक्षेच्या वहीत, हाताने लिहायचा. मुली कुरकुरतात. मला फार आवडतं.

इतिहासात तर मीच गुंतले. 1793 मध्ये फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना इथे पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसं गेली. पैसेवाले शहर सोडून पळाले. काळ्या लोकांना हा ताप होत नाही अशा चुकीच्या समजुतीने डॉक्टर बेंजामिन रश यांनी त्यांना रुग्णसेवेला बोलावलं, आणि ते आले, आणि मेलेही. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने छापलं की काळ्या परिचारिकांनी रुग्णांना लुबाडलं. अॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अॅलन यांनी 1794 मध्ये स्वतःची पुस्तिका काढून, खर्चाच्या हिशेबासकट, त्याला उत्तर दिलं. मुलींनी दोन्ही पुस्तिकांतले उतारे वाचायचे आणि कोणावर विश्वास ठेवायचा, का, हे लिहायचं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर नाही. माझी लेक दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर जोन्स आणि अॅलनचा हिशेब मांडत होती. केरी स्वतः शहर सोडून गेला होता का, हे शोधत होती. मी दहावी बोर्डाला इतिहासात चांगले मार्क मिळवले होते, पण 'कोणावर विश्वास ठेवायचा' असा प्रश्न मला कुणी कधी घातला नव्हता.

वर्गात बोलायचेही गुण आहेत. लंबगोल टेबलाभोवती बसायचं, बाई कमीत कमी बोलणार, मुलींनी एकमेकींना उत्तरं द्यायची. पहिले काही आठवडे आमची लेक गप्प. शिक्षिकेने मला फोन न करता तिलाच सांगितलं की उद्याच्या चर्चेचा पहिला प्रश्न तू विचारायचास. तिथून गाडी सुरू झाली. मुलं नसल्यामुळे सुरू झाली का? लेक म्हणते, "आई, केस न विंचरता जाता येतं, एवढा फरक नक्की पडतो."

भाषेसाठी लॅटिन घेतलं, माझा विरोध असताना. 'पुएल्ला, पुएल्लाए, पुएल्लाम' चालू झालं की सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आजी 'देवः देवौ देवाः' सुरू करतात. दोघींचं मस्त जमलंय. उपयोग काय ते विचारू नका.

धर्माचा तास चारही वर्षं सक्तीचा आहे आणि त्याची ग्रेड जीपीएमध्ये (सगळ्या विषयांच्या सरासरी ग्रेडमध्ये) धरतात, हे लक्षात असू द्या. नववीत बायबलचा जुना करार झाला, अकरावीत जगातले धर्म आहेत. धर्मांतराचा दबाव वगैरे काही नाही. मासच्या (चर्चच्या प्रार्थनाविधीच्या) वेळी कॅथलिक नसलेल्या मुली जागेवर बसून राहतात, किंवा हात छातीवर दुमडून फक्त आशीर्वाद घेतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आपल्या बायकांना यात नवीन काहीच वाटणार नाही. समाजसेवेचे तास मात्र मनापासून करून घेतात. नुसत्या सहीवर भागत नाही, काय केलं त्यावर लिहून द्यावं लागतं.

ग्रेडचं पोर्टल हा आमच्या घरातला वैताग आहे. प्रत्येक क्विझचे मार्क त्याच संध्याकाळी फोनवर दिसतात, मुलीला आणि आई-बाबांनाही. ती घरी पोचायच्या आत मला तिचे बायोलॉजीचे मार्क कळलेले असतात. नवऱ्याने अॅप काढून टाकलं, मी अजून नाही.

झोप कमी होते. पेनसिल्व्हेनियात 1972 पासूनचा कायदा आहे की शाळा जिल्हा (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) आपल्या मुलांना बस देत असेल, तर हद्दीपासून दहा मैलांच्या आतल्या खासगी, ना-नफा शाळेत जाणाऱ्या मुलांनाही त्याने फुकट बस द्यायची. हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं आणि ते कारने सोडायचा हिशेब करत बसतात. पण पिवळी बस तीन शाळा फिरत जाते, त्यामुळे आमच्या कोपऱ्यावर सव्वासहाला येते. हिवाळ्यात मिट्ट काळोख. रात्री अकराच्या आत होमवर्क संपत नाही. हा शाळेतला सगळ्यात मोठा दोष, आणि पालकसभेत कुणी तो काढला की सगळे मान डोलावतात आणि पुढच्या विषयावर जातात.

त्यात रोइंग. कधी होडीत पाय न ठेवलेली मुलगी नववीच्या वसंतात रोइंगला गेली, कारण तिथे नवख्यांना काढून टाकत नाहीत. उंची बेताची म्हणून तिला कॉक्स केलं. म्हणजे आठ जणी वल्हवणार आणि ही सुकाणू धरून त्यांना ओरडून लय देणार. स्कूकल नदीवर मार्चमध्ये वारा असा असतो की बघणाऱ्यांचे दात वाजतात. हायस्कूलच्या मुला-मुलींची स्टोट्सबरी कप ही प्रचंड शर्यत तिथेच मेच्या मध्यावर होते, नेमकी एपी परीक्षांच्या सुमाराला. यंदा दोन्ही आहे. बघू. ओरडून घसा बसलेली मुलगी घरी येते, दोन पोळ्या जास्त खाते, एवढं माझ्या डोळ्यांसमोर आहे.

बाकी शाळेतलं जगणं : पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नववीवालीला अकरावीतली एक 'मोठी बहीण' मिळते. नाटकबीटक वाटलं होतं, पण लॉकर उघडण्यापासून कोणत्या सरांना कसं विचारायचं इथपर्यंत सगळं तिनेच शिकवलं. नाटकाच्या दिव्यांच्या तारा, रोबॉटिक्सची ड्रिल मशीन, सगळं मुलीच हाताळतात, कारण दुसरं कुणी नाहीच. पुरुष भूमिकांना शेजारच्या मुलांच्या शाळेतून मुलं मागवतात. त्या तालमींना अचानक केस विंचरले जातात. युनिफॉर्मचा चौकड्याचा स्कर्ट महाग आहे, पण शाळेत जुन्या कपड्यांची विक्री होते, तिथूनच घ्या.

पैशांची दरी मात्र बोचते. उन्हाळ्यात अर्धा वर्ग न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आपापल्या 'शोर हाउस'मध्ये असतो, आणि सप्टेंबरमध्ये मैत्रीचे गट तिथेच जमून आलेले असतात. कुणी वाईट वागत नाही, फक्त बोलावत नाही. दहावीत तिचा स्वतःचा गट झाला, दोन लॅटिनवाल्या आणि होडीतल्या मुली. नववीचं पहिलं सत्र मात्र शुक्रवार संध्याकाळ घरीच जायची, आणि ते बघणं अवघड होतं.

खर्च : आमच्यासारख्या कॅथलिक शाळेची फी वर्षाला 20 हजार डॉलरच्या पुढे जाते, या भागातल्या धर्माशी संबंध नसलेल्या मुलींच्या शाळा 40 हजारांच्या पुढे. वर पुस्तकं, रोइंगची वेगळी फी, आणि देणग्यांची सौम्य पण न संपणारी पत्रं. 529 खात्यातले (मुलांच्या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातले) पैसे 2018 पासून शाळेच्या फीलाही केंद्रीय कराशिवाय वापरता येतात, वर्षाला 10 हजारांपर्यंत. 2026 पासून ही मर्यादा 20 हजार झाली आहे. अर्थात ते कॉलेजच्याच पिशवीतून काढणं आहे. गुणवत्तेची स्कॉलरशिप बऱ्याच ठिकाणी प्रवेशपरीक्षेवर ठरते, म्हणून त्या परीक्षेला 'फक्त प्रवेशापुरती' समजून पाठवू नका.

बघायला जाणार असाल तर ओपन हाउसवर विसंबू नका, तिथे सगळ्या शाळा चकाचक असतात. मुलीला शॅडो डेला पाठवा, म्हणजे ती एक अख्खा दिवस तिथल्या मुलीबरोबर वर्गात बसेल. तुम्ही तीन गोष्टी मागा : गेल्या वर्षी खरोखर भरलेल्या एपी वर्गांची यादी (माहितीपत्रकातली नव्हे), एका विद्यार्थिनीचा खुणा केलेला पहिला मसुदा, आणि होमवर्क किती वाजता संपतं याचं उत्तर एखाद्या दहावीवालीकडून, तिच्या शिक्षिका जवळ नसताना. आणि बसची विनंती आपल्या शाळा जिल्ह्याकडे वेळेत नोंदवा. आमची उशिरा गेली, सप्टेंबरभर नवऱ्याने सोडलं.