पाइप गॅस चांगलाच, पण आधी नोझल बदला
पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये येणारा पाइप गॅस सोयीचा आहे, फक्त शेगडीचे नोझल बदलून घ्यायलाच हवे. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतात, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. घनमीटरमागे मिथेनची उष्णता निम्म्याहूनही कमी, म्हणून नोझलचे भोक मोठे लागते. जुनेच ठेवले तर आच मंद राहते, भाकरी नीट फुगत नाही. बदलूनही ज्योत पिवळी आणि पातेल्याचे बूड काळे होत असेल तर हवा कमी पडते आहे. बर्नरची भोके साफ करा. 14.2 किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता साधारण 18 घनमीटरमध्ये मिळते, बिल त्यावरून ताडून पाहा. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे साचतो. सांधे साबणाच्या फेसानेच तपासा, काडी पेटवून कधीच नाही.