दाबोळीच्या सड्यावर आठ महिने: त्रयस्थ तपासनिसाचा अनुभव

18 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तिथून जवळच आमच्या गोदामाचा पाया. न फुटलेल्या बॉम्बसाठी जमिनीचा सर्वे करायचा, एवढं मला पटलं होतं. पण सर्वेवाल्यांवर आणखी एक स्वतंत्र तपासनीस कशाला? मालकाचा हट्ट, अर्धा खर्च माझ्या, म्हणजे कंत्राटदाराच्या माथी. मी चांगलाच भांडलो.

सर्वे सुरू होण्याआधी तपासनिसाने कुणाला न सांगता लोखंडी पाइपाचे पाच तुकडे पुरले. सर्वे कंपनीने जेवढ्या मापाची वस्तू, जेवढ्या खोलीपर्यंत शोधून देण्याचं कबूल केलं होतं, अगदी तेवढेच. जागा फक्त त्याच्या वहीत. आठवड्याने अहवाल आला: जागा निर्धोक. पाचांतले दोन तुकडे यादीत नव्हतेच. वही उघडून त्याने मुकादमाला खणायला लावलं, तेव्हा गंजका पाइप माझ्या हातात आला आणि माझं तोंड बंद झालं.

कारण साधं होतं. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय फरकावरून पुरलेलं लोखंड शोधणाऱ्या उपकरणाला, जागोजागी खुणा दिसतात. कंपनीने त्या गोंगाटासकट बारीक संकेतही गाळून टाकले होते. आणि सर्वे करणारी, खणून खात्री करणारी, शेवटी प्रमाणपत्र देणारी कंपनी एकच! तिची चूक तिला कोण दाखवणार? कच्चा डेटा मागून पुन्हा तपासला, तेव्हा गाळलेले संकेत सापडले. खणल्यावर सगळं भंगारच निघालं, पण ते खणल्यावर कळलं.

पाचव्या महिन्यात मात्र मी पुन्हा वैतागलो. वरून केलेला सर्वे ठरावीक खोलीपर्यंतच बघतो, म्हणून पाइलच्या (पायाच्या खोल खांबाच्या) प्रत्येक जागी आधी भोक पाडून, त्यात उपकरण टप्प्याटप्प्याने उतरवायचं. शेजारी रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र, उभं असलं की त्याच्या लोखंडाने रीडिंग बिघडतं, म्हणून ते दूर न्यायचं. भाडं चालूच. हे सगळं मान्य. पण तपासनिसाच्या एका सहीसाठी चार-चार दिवस थांबायचं, हे चुकीचं आहे, आणि त्याला मी तसं तोंडावर सांगितलं.

प्रमाणपत्रात नुसतं ‘निर्धोक’ लिहिलेलं मी आता घेत नाही. किती खोलीपर्यंत आणि किती मापाच्या वस्तूपर्यंत, ते हवं.

पुढच्या महिन्यात दुसरा टप्पा. तपासनीस तोच ठेवलाय, अर्धे पैसे या वेळी न भांडता दिले. करारात मात्र सहीला 48 तासांची मुदत घातली आहे.